पॉमला दोन दिवसांपासून खोकला, आता श्वास लागतोय, सांगलीत रात्री कुठं नेऊ?

चिमीची_आई, सांगली, रात्री ९:४२

नमस्कार, कुणी जागं असेल तर प्लीज सांगा. आमची चिमी, पॉमेरियन, सहा वर्षांची, वजन ३.८ किलो. गावभागात जुन्या वाड्यात राहतो आम्ही, खालच्या मजल्यावर. परवा सकाळपासनं तिला खोकला सुरू झाला, साधा नव्हे, बदक ओरडल्यासारखा कर्कश आवाज येतो आणि खोकून झालं की मान लांब करून बसते. आजवर कधी असा खोकला आला नव्हता. काल दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, श्वासनलिका अरुंद दिसतेय, छोट्या जातीत होतं असं म्हणाले, मांडीत एक इंजेक्शन दिलं आणि खोकल्याचं औषध लिहून दिलं. पण आज फरक तर नाहीच, उलट संध्याकाळपासनं आडवीच होत नाहीये, बसूनच झोपायला बघते आणि डोकं खाली गेलं की दचकून उठते. दूधपोळी तिची जीव की प्राण, तोंडसुद्धा लावलं नाही. आत्ता मोजलं तर मिनिटाला ५२ श्वास. इंजेक्शन दिलं तिथं लिंबाएवढी निळसर गाठ आलीय, ती इंजेक्शनचीच असेल ना? डॉक्टरांचा फोन बंद लागतोय. सकाळपर्यंत थांबले तर चालेल का? ह्यांना नाईट शिफ्ट आहे, मी आणि सासूबाईच आहोत घरात.


विट्याची_पूनम, रात्री ९:५१

ताई आमच्या पॉमलाही श्वासनलिकेचा त्रास आहे, तीन वर्षं झाली. गळ्यात पट्टा असेल तर आधी काढून टाका, त्याचा दाब पडतो. खोली गार ठेवा, पंखा लावा, तिला उचलून फिरवत बसू नका. मी बोटभर मध चाटवते आमच्याला, तेवढ्यानं घसा शांत होतो. पण आमचा खोकला संपला की दोन मिनिटांत शेपटी हलवत खेळायला लागतो, तुमची बसून झोपतेय म्हणताय ते मला बरोबर वाटत नाही.


मंजिरी_सातारा, रात्री ९:५८

ताई, घाबरवत नाहीये, पण पटकन तीन गोष्टी बघून सांगा. वरचा ओठ उचलून हिरडी बघा, गुलाबी आहे का पांढरट. पोटावरची केस कमी असतात ती जागा टॉर्च लावून बघा, निळेकाळे डाग आहेत का. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या आठवड्यात घरात, जिन्याखाली, शेजारी, कुठंही उंदराचं औषध ठेवलंय का? नक्की विचारा, फक्त आठवून नको, उठून शेजारी जाऊन विचारा. इंजेक्शनच्या जागी लिंबाएवढी निळी गाठ हे वाचून माझ्या पोटात गोळा आलाय, आमच्या डॅशंडला अगदी असंच झालं होतं.


चिमीची_आई, रात्री १०:०९

हिरडी पांढरी आहे. म्हणजे कागदासारखी नाही पण गुलाबी अजिबात नाही. पोटावर दोन डाग आहेत.

शेजारच्या काकूंना विचारलं, त्यांनी गेल्या शनिवारी जिन्याखाली हिरव्या वड्या ठेवल्या होत्या, पाऊस लागला की नदीकडनं घुशी आणि उंदीर वाड्यात येतात म्हणून. चारातल्या दोनच उरल्यात. आज गुरुवार. चिमी रोज त्या जिन्याखाली जाऊन बसते. काकू रडायला लागल्या, मला पण काही सुचेना. पाकीट आणून दिलंय त्यांनी, ब्रोमाडायोलोन ०.००५ टक्के लिहिलंय. पाच दिवस झाले ना पण, विषबाधा झाली असती तर तेव्हाच झाली असती ना?


गुरांचा_डॉक्टर, रात्री १०:१३

नाही ताई, ह्या औषधाचा परिणाम तीन ते पाच दिवसांनीच दिसतो. मी पशुवैद्यक आहे, सातारा जिल्ह्यात. वाचलं की निघा, सकाळपर्यंत थांबू नका. मिरज सांगलीत जो दवाखाना रात्री फोन उचलेल त्याला दोनच प्रश्न विचारा, ऑक्सिजन आहे का आणि व्हिटॅमिन के-वन आहे का. के-वन नसेल तर त्यांच्याकडनं व्हॉट्सॅपवर चिठ्ठी घ्या, मिरजेत माणसांच्या मोठ्या हॉस्पिटलांसमोर रात्री मेडिकल उघडी असतात. फायटोमेनाडायोन असं नाव लिहिलेलं इंजेक्शन मागा. बाळ जन्मल्यावर देतात तेच हे, पण त्यांची अॅम्प्युल १ मिलिग्रॅमची असते, तुम्हाला १० मिलिग्रॅमची लागेल. मेनाडायोन म्हणजे के-थ्री देतील तर घेऊ नका, ते ह्या विषावर चालत नाही.

नेताना टोपलीत नाहीतर खोक्यात टॉवेल घालून बसवा, तिला जसं बसायचंय तसंच बसू दे, पाठीवर किंवा कुशीवर निजवू नका, पोटाखाली हात घालून उचलू नका. तोंडात काही घालू नका, दूध नाही पाणी नाही मध नाही, धाप लागलेल्या कुत्र्याच्या फुप्फुसात जातं ते. उलटी करवायची नाही, पाच दिवसांनी पोटात काही उरलेलं नसतं. घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी नको. पाकीट बरोबर घ्या. आणि तिथल्या डॉक्टरांना पोचल्या पोचल्या सांगा, मानेच्या शिरेतनं रक्त काढू नका आणि मांडीत सुई नको. ओळखीत कुणाकडे मोठं निरोगी लसीकरण झालेलं कुत्रं असेल, लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, गावठी पण चालेल, २५ किलोच्या वरचं, तर त्यांना फोन करून ठेवा, रक्त लागू शकतं.


चिमीची_आई, रात्री १०:१७

निघाले. काकूंचा मुलगा गाडी काढतोय.


गुरांचा_डॉक्टर, रात्री ११:२०

ताई आता दवाखान्यात असतील, त्यांना वाचायला वेळ नाही, पण हा धागा उद्या दुसरं कुणीतरी उघडेल म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

रक्त गोठायला जे घटक लागतात ते यकृतात तयार होतात आणि त्यातल्या चौघांना, म्हणजे दोन, सात, नऊ आणि दहा नंबरच्या घटकांना, व्हिटॅमिन के लागतं. शरीर एकदा वापरलेलं के पुन्हा ताजं करून परत वापरतं, आणि ब्रोमाडायोलोन नेमकं ते ताजं करायचं काम बंद पाडतं. टाकी भरलेली आहे तोवर नळाला पाणी येतंच, वरून येणारं बंद झालंय हे घरात कुणाला कळत नाही, तसंच हे आहे. आधी सात नंबरचा घटक संपतो कारण तो काही तासच टिकतो, मग बाकीचे. म्हणून पहिले दोन तीन दिवस कुत्रं खातं, पितं, दारात भुंकतं, आणि साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आत कुठंतरी रक्त पाझरायला लागतं.

लोक वाट बघतात की नाकातनं रक्त येईल, शीतनं रक्त पडेल, मग विषबाधा. तसं होतंच असं नाही. पुष्कळ वेळा बाहेर थेंब दिसत नाही आणि छातीत, फुप्फुसाभोवती रक्त साठलेलं असतं, मग कुत्र्याला आडवं होता येत नाही. कधी सांध्यात उतरतं आणि कुत्रं लंगडतं. लहान कुत्र्यात अजून एक जागा आहे जी आम्हा डॉक्टरांचीसुद्धा फसगत करते. श्वासनलिका कड्याकड्यांची असते पण वरच्या बाजूला, म्हणजे पाठीकडे, कडं पूर्ण होत नाही, तिथं नुसता पडदा असतो. ह्या पडद्यात रक्त भरलं की तो आत फुगतो. लॅब्राडॉरच्या रुंद नळीत तेवढी सूज खपून जाईल, तीन चार किलोच्या कुत्र्याची नळी जाड पेन्सिलीएवढी, ती बुजते. खोकला येतो अगदी श्वासनलिका ढिली झाल्यासारखा, बदकासारखा, आणि एक्स-रेतही नळी अरुंदच दिसते. वर जात पॉमेरियन, म्हणजे डॉक्टरांच्या डोक्यात आधी तोच जुना आजार येणार. कालच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, मी असतो तरी कदाचित तेच म्हणालो असतो, कारण उंदराच्या औषधाचं त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नसेल.

फरक कुठं करायचा तर, खऱ्या श्वासनलिकेच्या आजाराचा खोकला बहुतेक वेळा महिनोन्‌महिने मागे लागलेला असतो, आनंद झाला की, पट्टा ओढला की येतो, मधल्या वेळात कुत्रं ठीक. आयुष्यात कधी न खोकलेलं कुत्रं अचानक दोन दिवसांत बदकासारखं खोकतंय, सुस्त आहे, हिरडी फिकट आहे, सुई टोचली तिथं गाठ आलीय, तर रक्त गोठतंय का हे आधी बघायचं. ती तपासणी अवघड नाही. पीटी म्हणतात, रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते कळतं, माणसांच्या लॅबमध्ये होते, निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त द्यायचं. माणसांचं नॉर्मल कुत्र्याला लागू नाही, म्हणून शक्य असेल तर एका निरोगी कुत्र्याचं रक्त सोबत पाठवून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचे. खेड्यात लॅब नसेल तेव्हा मी साध्या काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घेऊन हातात धरून बसतो, दहा बारा मिनिटांनी तिरकी केली आणि पाण्यासारखं वाहिलं तर मला उत्तर मिळालेलं असतं.

के-वन दिलं म्हणजे लगेच रक्त थांबलं असंही नाही, यकृताला नवे घटक बनवायला सहा ते बारा तास लागतात. तेवढा वेळ काढून देण्यासाठी प्लाझ्मा, म्हणजे हे घटक असलेला रक्तातला पातळ भाग, आणि आपल्याकडं प्लाझ्मा कुठला, म्हणून ताजं रक्त. माणसांसारखं कुत्र्यात पहिल्या वेळेला रक्तगट न जुळल्यानं लगेच मोठा घोळ सहसा होत नाही म्हणून निकडीच्या वेळी पहिलं रक्त देता येतं, दुसऱ्या वेळी मात्र जुळवूनच.

हे विष मुळात सापडलं गुरांच्या आजारातनं हे फार जणांना माहीत नसतं. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गाई रक्तस्रावानं मरायच्या, शिंगं कापली तरी रक्त थांबायचं नाही. त्या चाऱ्यातला पदार्थ शोधता शोधता वॉरफरिन तयार झालं, १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं. तेच वॉरफरिन आज हृदयाच्या पेशंटना रक्त पातळ करायला देतात. उंदीर वॉरफरिनला दाद देईनासे झाले तेव्हा ब्रोमाडायोलोनसारखी पुढची पिढी आली, ती कितीतरी जहाल, आणि यकृतात कित्येक आठवडे ठाण मांडून बसते. उपचार लांबतो तो म्हणूनच.


विट्याची_पूनम, रात्री ११:३४

डॉक्टर, मी मध सांगितला होता, फार वाईट वाटतंय आता. आमच्याकडंही पोटमाळ्यावर वड्या आहेत, आत्ताच काढून पिशवीत भरल्या. चिमीचं काही कळलं का?


चिमीची_आई, पहाटे ३:०५

मिरजेत आहोत. ऑक्सिजनवर आहे, खोक्याला प्लास्टिक लावून त्यात नळी सोडलीय. छातीत थोडं रक्त आहे म्हणाले, पण सुई घालून काढणार नाहीत, धाप खूपच वाढली तरच. के-वन दिलं. लॅबमधून फोन आला की नमुना गोठतच नाहीये, मशीननं शंभर सेकंदांच्या वर दाखवून सोडून दिलं. डॉक्टरांनी तुमचे मेसेज वाचले, म्हणाले बरं झालं पाकीट आणलंत.

काकूंच्या मुलाच्या मित्राचा लॅब्राडॉर आहे, ३२ किलोचा, दीड वाजता त्याला स्कूटरवर पुढं बसवून घेऊन आले, विश्वास बसणार नाही तुमचा. त्याचं रक्त घेतलं आणि चिमीला ६० मिली हळूहळू सोडलं, चार तास लागतील पूर्ण व्हायला. लॅब शांत झोपला होता टेबलावर, त्याला बिस्किटाचा पुडा दिला. श्वास आता ४४. मी खाली बाकावर बसलेय. सासूबाई घरी देवापुढं बसल्यात आणि काकू त्यांच्याजवळ.


वाळव्याचा_ऊसवाला, सकाळी ७:१०

रात्री वाचलं नाही नाहीतर मीपण जागा राहिलो असतो. ताई चिमी बरी होऊदे.

एक सांगतो, सगळी उंदराची औषधं सारखी नसतात, आणि हे मला लई महागात पडून कळलंय. आमच्याकडं उसात, भुईमुगात काळी पावडर वापरतात, झिंक फॉस्फाईड. धान्याचा भरडा ९६ भाग, तेल दोन भाग, पावडर दोन भाग अशा गोळ्या करायच्या आणि बिळात टाकायच्या. दोन वर्षांमागं बांधावर एक गोळी बाहेर पडली होती आणि आमचं पिल्लू, घरच्या कुत्रीचं, चार महिन्याचं, त्यानं ती खाल्ली. अर्ध्या तासात ओकायला लागलं. आईनं वाटीभर दूध पाजलं, मीच म्हणालो पाज, विष मारतंय दूध. त्यानंतर तासाभरात त्याला धाप लागली, तोंडाला गुलाबी फेस आला, आणि इस्लामपूरला पोचायच्या आधी गाडीत गेलं.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ह्या पावडरीचा पोटातल्या आम्लाशी संबंध आला की फॉस्फीन वायू तयार होतो, सडक्या माशासारखा लसणासारखा वास येतो, तोच वायू फुप्फुसात पाणी भरवतो. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं, आम्ल वाढलं की वायू वाढतो. म्हणजे दूध पाजून मीच. जाऊदे. ह्याला उतारा असा नाहीच, व्हिटॅमिन के चा इथं काही उपयोग नाही, लवकरात लवकर दवाखाना एवढंच हातात. आणि ओकलं तर त्यावर वाकून वास घेऊ नका, उघड्यावर ठेवा, गाडीच्या काचा खाली, तो वायू माणसालाही बाधतो. धान्यात ठेवायच्या ज्या गोळ्या असतात, अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या, त्यातनं पण हाच वायू निघतो.

आता मी गोळी बिळाच्या आत हातभर सरकवतो आणि बीळ मातीनं लिंपतो, किती टाकल्या ते वहीत लिहितो, सकाळी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरतो. उसात टी आकाराचे पक्षीथांबे लावलेत, रात्री घुबडं बसतात त्यावर, त्यांचं काम बघण्यासारखं आहे.


गुरांचा_डॉक्टर, सकाळी ७:३८

दादा, तुम्ही दूध पाजलं नसतं तरी एवढ्याशा पिल्लाला एक गोळी फार होती. तो दोष स्वतःवर घेऊ नका. पण तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे, म्हणूनच पाकीट लागतं. वडी रंगीत असेल तर बहुधा रक्त पातळ करणारं, काळी राखट पावडर असेल तर फॉस्फाईड, आणि टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये येतं ते पिवळा फॉस्फरस, त्यानं यकृत जातं. पण रंगावरनं ठरवू नका, नाव वाचा. मिठाचं पाणी पाजणं हा आणखी एक प्रकार गावोगाव चालतो, तोही बंद करा, लहान कुत्र्याला मिठाचीच विषबाधा होते. खाताना डोळ्यांसमोर बघितलं असेल तर पहिल्या दोन चार तासांत दवाखान्यात इंजेक्शननं उलटी करवता येते, वर कोळशाची पावडर देतात, आणि बहुतेक कुत्री तिथंच वाचतात.

खेड्यातल्यांसाठी, १९६२ हा सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे. मुख्यतः जनावरांसाठी आहे पण निदान सल्ला विचारायला लावून बघा. सातारा बाजूच्या लोकांना शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पुण्याकडं जाताना खंबाटकीच्या बोगद्यापलीकडं. पण धाप लागलेल्या कुत्र्याला आधी जवळच्या दवाखान्यात ऑक्सिजन, मग लांबचा प्रवास.


कुपवाडचा_अमोल, सकाळी ९:१५

एक प्रश्न, आमच्या पगनं शेजारी मेलेला उंदीर तोंडात धरला होता, खाल्ला का माहीत नाही. त्यालाही होईल का? आणि ब्रोमाडायोलोनची एक वडी किती धोकादायक, वडी तर एवढीशी असते.


गुरांचा_डॉक्टर, सकाळी ९:४०

०.००५ टक्के म्हणजे २० ग्रॅमच्या वडीत १ मिलिग्रॅम औषध. ३० किलोच्या कुत्र्याला आणि ३ किलोच्या कुत्र्याला तीच वडी दहापट फरकानं लागते, लहान कुत्र्यांची भीती म्हणून जास्त. किती खाल्लं हे नक्की माहीत नसतंच, तेव्हा मी जास्तच धरून चालतो. मेलेल्या उंदराच्या अंगातनं जाऊ शकतं, एका उंदरानं मोठी बाधा होणं कमी पण रोज उंदीर खाणाऱ्या कुत्र्याला, मांजराला, घुबडाला होतं. तुमच्या पगला दोन ते तीन दिवसांनी, म्हणजे ४८ ते ७२ तासांत, पीटी करून घ्या. नॉर्मल आली तर निश्चिंत झोपा. पग एरवीच घोरतो, त्याचा श्वास बघून काही ठरवू नका, झोपेत असताना मिनिटभर छाती किती वेळा वर होते ते मोजून आज लिहून ठेवा. तीसच्या आत असेल तर ठीक. पुढं बिघडलं तर तुलनेला आकडा हाताशी राहील.


मंजिरी_सातारा, दुपारी १:२२

चिमी कशी आहे? सकाळपासनं दहा वेळा हा धागा उघडलाय.

ताई, ती घरी आल्यावरचं सांगते, कारण आम्ही चुकलो ते तिथंच. आमचा गब्बू, डॅशंड, सात किलोचा, शाहूपुरीत राहतो आम्ही. त्याला असंच झालं, उपचार मिळाले, तिसऱ्या दिवशी उड्या मारायला लागला. दहा दिवस के-वन दिलं. मला वाटलं झालं बरं, औषध मिळवायलाही वणवण होत होती, एका दुकानात सांगायचे संपलं, दुसऱ्यात दुसरंच काही द्यायचे. मी बंद केलं. चौथ्या दिवशी सकाळी उठला तर पुढचा पाय सुजलेला आणि हिरडी पुन्हा पांढरी. डॉक्टर म्हणाले विष अजून यकृतात आहे, तुम्ही औषध थांबवलंत, आजार थांबला नव्हता. पुन्हा सगळं पहिल्यापासून, रक्तसुद्धा, आणि ह्या वेळी रक्त जुळवावं लागलं म्हणून पुण्यापर्यंत जावं लागलं. वाचला तो, पण त्या एका आठवड्यात त्यानं आणि मी जे सोसलं ते माझ्या चुकीनं सोसलं.

तेव्हा डॉक्टरांनी के-वन तीन ते चार आठवडे सांगितलं की तीन ते चार आठवडे, एकही दिवस चुकवायचा नाही. रिकाम्या पोटी देऊ नका, तूपभात, उकडलेलं अंडं, पनीर अशा स्निग्ध खाण्याबरोबर दिलं की अंगी लागतं. आम्हाला गोळ्या मिळाल्या नाहीत तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनचंच औषध तोंडानं द्यायला सांगितलं होतं, तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. पलंगावर उडी नाही, जिना नाही, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही, नखं कापायची नाहीत, खरारा जोरात नाही. शेवटचा डोस झाला की दोन तीन दिवसांनी पीटी करा, ती नीट आली तरच संपलं म्हणायचं.


चिमीची_आई, संध्याकाळी ६:४०

आत्ता घरी आले अंघोळीपुरती, ती तिथंच आहे. श्वास ३२. दुपारी आडवी झोपली, कुशीवर, पाय ताणून. नर्सताईंनी फोटो पाठवला, मी रिक्षात रडले. बदकाचा आवाज अजून मधून मधून येतो पण डॉक्टर म्हणाले पडद्यातलं रक्त जिरायला काही दिवस लागतील, परत एक्स-रे काढून नळी मोकळी झाली का बघू.

मंजिरीताई तुम्ही हिरडी बघा म्हणाला नसतात तर मी झोपायच्या तयारीत होते. डोस रोज १५ मिलिग्रॅम ठरवलाय, डॉक्टर म्हणाले किलोला अडीच ते पाचच्या मध्ये देतात. फ्रिजवर कागद चिकटवलाय, तारखा लिहून.


चिमीची_आई, पाच आठवड्यांनी

उशिरा लिहितेय, माफ करा, पण पूर्ण झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

अठ्ठावीस दिवस औषध दिलं, तूपभाताच्या घासात. दहाव्या दिवशी एक्स-रे काढला, नळी रुंद, अगदी स्वच्छ, आधीचा आणि नंतरचा शेजारी ठेवून डॉक्टरांनी दाखवला, ह्या दोन वेगळ्या कुत्र्यांच्या वाटाव्यात इतका फरक. मधल्या दिवसांत एकदा ती पलंगावरनं उतरली तेव्हा माझा जीव वर गेला होता. औषध बंद करून तिसऱ्या दिवशी पीटी केली, ८ सेकंद, आणि त्या लॅबनं, म्हणजे रक्त दिलेल्यानं, त्याचंही रक्त तुलनेला दिलं, त्याचीही ८ च. काल पुन्हा एकदा केली, माझ्या समाधानासाठी. तीच.

पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. ते गप्प बसून ऐकत होते, मग पाकिटाचा फोटो काढून घेतला आणि म्हणाले आता प्रत्येक छोट्या कुत्र्याच्या खोकल्याला मी हे विचारेन.

वाड्यात सगळ्यांनी मिळून पिंजरे आणलेत, सहा. मोरीच्या जाळ्या बदलल्या, जिन्याखालचं भगदाड सिमेंटनं बुजवलं. पुराच्या वेळी काय करायचं हा प्रश्न आहेच, २०१९ ला आणि २०२१ ला पाणी उतरल्यावर उंदीर किती झाले होते ते आम्ही बघितलंय, तेव्हा कुणी वड्या ठेवल्याच तर झाकणाच्या पेटीत ठेवायच्या आणि दारावर चिठ्ठी लावायची असं ठरलंय. काकू रोज सकाळी चिमीला उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक घेऊन येतात. पहिले काही दिवस त्या दारातच उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत. आता चिमीच त्यांच्या पायरीवर जाऊन बसते.

अमोलदादा, तुमच्या पगची पीटी काय आली?


कुपवाडचा_अमोल, रात्री ८:५५

नॉर्मल आली ताई, तेव्हाच. झोपेतला श्वास २२, फ्रिजवर लिहून ठेवलाय.